चिंचखारची मोजणी

चिंचखार, १९ मे २०२६

हरेशदादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुला पहिल्यांदा वाटेल, आई गेली. आई आहे. गुडघे गेलेत, डाव्या डोळ्याने दिसत नाही, बाकी सगळं शाबूत आहे, जीभ तर जास्तच. तेव्हा घाबरू नकोस. आणि घाबरला नसशील तर त्याचंही मला नवल नाही.

तुझा पत्ता रीमाने दिला. गेल्या आठवड्यात जनगणनेच्या घरयादीसाठी तुझ्या दारात आलेली चष्म्याची बाई ती रीमा. ती नाशिककडची. तिला पडघ्याचा भाग मिळाला आणि मला चिंचखार, प्रशिक्षणात आम्ही शेजारी बसायचो. तू तिला विचारलंस, चिंचखारच्या शाळेत भावना म्हणून बाई आहेत, ओळखता का? ती हो म्हणाल्यावर तू म्हणालास, मी इथे राहतो ते तिला सांगू नका. लोकांनी दिलेली माहिती बाहेर फोडायची नाही, हे आम्हाला प्रशिक्षणात तीनतीनदा बजावलेलं आहे. रीमाने ते दोन दिवस पाळलं. फोन नंबर मात्र दिला नाही, म्हणून हे पत्र. एका अर्थी बरंच झालं. फोन तू कापला असतास. पत्र फार तर फाडशील, पण फाडण्याआधी चार ओळी वाचशीलच.

पडघा! चौदा वर्षं मी तुला सुरतेला, दुबईला, कुठे कुठे नेऊन ठेवला होता. आई तर पेपरात परदेशातल्या अपघाताची बातमी आली की मला नावं वाचायला लावायची. आणि तू भिवंडीच्या पुढे अर्ध्या तासावर, नाशिकच्या रस्त्याला, पंख्याखाली बसून रीमाला सांगतोयस, कुटुंबातली माणसं चार. म्हणजे मला एक वहिनी आहे आणि दोन भाचरं आहेत. सरकारला आधी कळलं, मला नंतर.

कामाचं सांगते. सात जूनला, रविवारी, गावदेवीच्या देवळात बैठक आहे. उघाडीच्या पाळ्यांची यादी नव्याने होणार. गावात घरंच उरली नाहीत, म्हणून सावळारामकाका म्हणतात की आपल्या घराचं नाव परत घ्यायचं. चौदा वर्षं त्या यादीत आपण नव्हतो, आता पाळीला माणूस कमी पडतो तेव्हा आपण गावचे झालो. काकांनी आईला विचारलं, कुणाचं नाव लिहू? आई म्हणाली, हरेशचं.

तू येणार की नाही, ते कळव. नाही म्हणालास तरी चालेल. तसं आईला सांगायची जबाबदारी, नेहमीप्रमाणे, माझ्यावर.

भावना

२४ मे

दादा,

उत्तराची वाट बघत नाही असं लिहिणार होते. बघते आहे.

घरयादीच्या आधी आम्हाला गावाचा नजरी नकाशा काढावा लागतो. मोजपट्टी नाही, टेप नाही, डोळ्याने बघायचं आणि हाताने काढायचं. काल दिवसभर उन्हात फिरून चिंचखार कागदावर उतरवलं. तीन बाजूंना खाडी, चौथ्या बाजूला गोदामं. काल्हेरहून येणारा रस्ता गोदामांच्या मधून शिरतो, दोन ट्रक समोरासमोर आले की गाव बंद. उत्तरेला बंदर, म्हणजे अब्दुर्रहमानचाचांचं घर आणि त्यांच्या भावकीची तीन. मध्ये गावदेवी. दक्षिणेला शाळा. आणि ह्या सगळ्याला पोटाशी धरून बांध, तिवरांच्या रांगेतून जाणारा, मध्येच ढासळलेला, त्या वेळी फुटला तिथे गोदामवाल्यांनी नंतर राडारोडा टाकून बुजवलेला. बांधात ती उघाडी.

नकाशा बघून रीमाने विचारलं, उघाडी म्हणजे काय गं? मी सांगितलं, बांधातलं दार. पावसाचं पाणी आत साठतं, ओहोटीला फळ्या काढल्या की ते खाडीत जातं. भरती चढायच्या आत फळ्या परत खाचेत बसवायच्या, नाहीतर खाडी आत येते. पावसाळ्यात एकेका घराकडे पंधरा दिवस हे काम, त्याला पाळी म्हणतात. मग तिने विचारलं, भरतीची वेळ कशी कळते? मी म्हटलं, पेपरात मुंबईची वेळ छापून येते. तिथलं पाणी वळल्यावर आमच्या खाडीत वळायला तासभर लागतो, म्हणून पेपरातल्या वेळेत एक तास धरायचा. हे मी इतकं सरळ आवाजात सांगितलं की माझं मलाच आश्चर्य वाटलं.

तुला गावची माणसं किती उरली ते ऐकायचं असेल. नसेल तरी ऐक, नकाशा काढताना दारोदार विचारून घेतलेले कच्चे आकडे आहेत. तू गेलास तेव्हा बेचाळीस उंबरे होते. त्यातले सोळा पाडून चाळी झाल्या. सातांना कुलूप आहे. उरले एकोणीस, त्यांत माणसं एकाहत्तर, आणि त्यांतली निम्मी साठीच्या वरची. चाळींच्या खोल्यांत एकसष्ट कुटुंबं आहेत, माणसं दोनशे अठ्ठेचाळीस. गोदामांत माल चढवणारी आणि नारपोलीच्या लूमवर जाणारी ही माणसं आझमगढची, गोंड्याची, बस्तीची. म्हणजे एकूण तीनशे एकोणीस. कागदावर चिंचखार वाढलंय. अधिकारी खूश झाले, म्हणाले, छान, गावाची प्रगती आहे. माझ्या शाळेत बावीस मुलं आहेत, त्यांत आपल्या गावची चार. पहिलीतल्या मुलांना मी "मछली म्हणजे मासा" असं शिकवते, आणि तीही गुणी आहेत, दिवाळीपर्यंत माझ्याशी आगरी हेल काढून बोलायला लागतात.

भाताची खाचरं नकाशात कुठेच आली नाहीत. जिथे आपली नऊ खाचरं होती तिथे आता निळ्या पत्र्याचं गोदाम आहे, त्याला मी घर क्रमांक ८८ दिला. वापर: बिगरनिवासी. आत म्हणे वॉशिंग मशीन असतात.

हे सगळं त्या एका सकाळने झालं असं गाव म्हणतं. पाळी तुझी होती, एवढं तर खरं ना?

भावना

३० मे

दादा,

आज आपल्या घराची नोंद केली.

मी म्हटलं होतं, आपल्या घरचं मीच भरते, मला काय माहीत नाही? आई म्हणाली, "गावाला इचारतेस तशी मलाबी इचार." म्हणून मी बाहेर गेले, गळ्यात ओळखपत्र अडकवलं, मोबाइल हातात घेतला आणि स्वतःच्या घराची कडी वाजवली. आई गुणाबाई होऊन, पदर सारखा करून, उंबऱ्यात बसली. भिंती कशाच्या, छप्पर कशाचं, नळ घरात की बाहेर, सगळ्याची उत्तरं तिने नीट दिली. मुख्य धान्य कोणतं खाता, असा एक प्रश्न आहे. ती म्हणाली, तांदूळ. मग म्हणाली, रेशनचा. खारीतला, आपल्या खाचरातला लाल तांदूळ खाल्ला त्याला किती वर्षं झाली ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही, तसा रकाना नाही.

कुटुंबप्रमुखाचं नाव? हरेश. इथे नेहमी राहणारी माणसं किती? तीन.

मी समजावलं की जो राहत नाही त्याला धरता येत नाही.

"कोन म्हनतो राहत न्हाय? गेलाय त्यो."

"चौदा वर्षं झाली आई."

"गेलेला मानूस येतो. मेलेला येत न्हाय. मेलाय का?"

मला पत्ता माहीत होता. घर क्रमांक, गल्ली, समोरचं टायरचं दुकान, सगळं रीमाने सांगितलेलं. मी म्हटलं, माहीत नाही. आणि तीन लिहिले, चिंचखारची बेरीज तीनशे वीस झाली. मोबाइलने काही हरकत घेतली नाही, त्याला काय, आकडा मिळाला की पुरे. गावात कुणी खोटी माहिती दिली तर मी त्यांना नियम वाचून दाखवते. आपल्या घरात खोटं लिहिणारी मीच, सांगणारी आई नाही. ती खरंच मोजते तीन.

तुला राग येईल की मी तिला सांगत का नाही. मलाही स्वतःचा येतो. पण सांगितलं की ती विचारणार, पडघ्याला राहून एकदा येता आलं न्हाय? मग मी काय सांगू? की त्याला येता येत नव्हतं? का येता येत नव्हतं? तिथून पुढचं मला बोलायचं नाही.

बैठकीला आठ दिवस आहेत. एक पोस्टकार्ड टाकायला किती वेळ लागतो?

भावना

३ जून

हरेशदादा,

अतिया आली आहे. तिचं घर म्हणजे बंदरावरचं, अब्दुर्रहमानचाचांचं. चाचा आता नारपोलीतच पडून असतात, लूम अतियाच बघते. शिफ्ट कोणाची, सूत कुठून आणायचं, सगळं. कामगार तिला घाबरतात. बकरी ईदला आली ती ह्या वेळी थोडी राहिली. तिच्या घराची नोंद करायला गेले तर चहा करून समोर बसली आणि म्हणाली, हरेशभाईला परत यादीत घेतायत म्हणे.

मी म्हटलं, हो.

"माफ करून घेतायत का?"

मी म्हटलं, तसंच म्हण.

तिने कपाची कड पुसली. मग म्हणाली, "भावना, मी तेव्हा तुला म्हटलं होतं, नऊ वाजले, ऊठ. तू म्हणालीस, बस जरा, दादाने पेपरातली वेळ सांगितलीय, त्यात आपला तास धरायचा राहिला. आजून चहा टाक म्हणालीस. मी टाकला. मला आजपण तो चहा याद आहे."

आता तुझ्यापुढे लपवण्यात काय अर्थ आहे? तुला सगळं माहीत आहेच. तरी चौदा वर्षांत मी हे कुठे लिहिलं नाही, बोलले नाही, म्हणून एकदा लिहिते.

श्रावण अमावास्येचा दुसरा दिवस. पाळी आपल्या घराची. तू काल्हेरच्या गोदामात रात्रीच्या ड्युटीला निघताना म्हणालास, सकाळी फळ्या काढ आणि नऊला परत घाल. एवढंच म्हणालास. मी बारावीला केंद्रात पहिली आलेली. डी.एड.च्या प्रवेशाचे कागद भरत सकाळी अतियाकडे बसले होते. माझ्या डोक्यात आलं की तू घाईत पेपरातली वेळ सांगितलीस आणि खाडीचा तास विसरलास. मला फार हुशारी वाटली. दादाची चूक आपण दुरुस्त केली असं वाटलं. तू तास आधीच धरला असशील हे मनातही आलं नाही. मी त्यावर आणखी एक धरला.

दहाला बांधावर गेले तेव्हा पाणी उघाडीतून आत धावत होतं. पहिली फळी खाचेत धरली आणि ती माझ्या हातातून गेली. दुसरी गेली. तिसरी मी धरून ठेवली, तिच्यासकट मीच आत ओढली गेले, हनुवटी फुटली. ती खूण अजून आहे, मुलं विचारतात, बाई, हे काय? दुपारी बारापर्यंत उघाडीच्या कडेची माती गेली आणि मग बांधच गेला. पोटरीला आलेला भात तासाभरात खाडीखाली.

तू धावत आलास. मला विचारलंस, किती वाजता घातल्यास? मी म्हटलं, दहाला, तुझा तास राहिला होता. तू माझ्याकडे बघितलंस आणि काही बोलला नाहीस. तुझ्या त्या गप्प बसण्यावरून मला कळलं. संध्याकाळी देवळात सगळा गाव जमला. तू उभा राहून म्हणालास, पाळी माझी होती, मी विसरलो. यादीतून घराचं नाव कापलं. तुझा साखरपुडा मोडला. कोणी तुझ्या शेजारी पंगतीला बसेना. दसऱ्याच्या आधी तू गेलास.

मी तुला खोटं बोलायला सांगितलं नव्हतं. हे मला तुला चौदा वर्षं सांगायचं आहे. तू मला वाचवलंस आणि मग आईला आणि ह्या गावाला माझ्या गळ्यात टाकून निघून गेलास. मी डी.एड. झाले, नोकरी लागली आणि ती ह्याच गावात मागून घेतली. लोक म्हणतात, भाऊ असा निघाला पण बहीण बघा. हे ऐकत मी रोज शाळेत जाते. तुला वाटलं असेल, तू माझ्यावर उपकार केलास. मला तुझा राग येतो. रोज येतो.

अतियाने निघताना सांगितलं, "रविवारी तू बोल. नाय बोललीस तर मी बोलेन. मी गप्प होते कारण हरेशभाई गप्प होते. पण आता ते लोक त्यांना माफी देणार, ते मला बघवणार नाही."

तू आलास तर मला बोलावं लागणार नाही, असं एक मन म्हणतं. तू आलास तर मला बोलताच येणार नाही, असं दुसरं म्हणतं. म्हणून आता ये असंही लिहीत नाही.

भावना

८ जून

दादा,

तू आला नाहीस. मी बोलले.

देवळात वीस-बावीस माणसं होती. आई काठी टेकत आली आणि खांबाला टेकून बसली. सावळारामकाकांनी वही उघडली, तीच जुनी, लाल पुठ्ठ्याची. गेली दोन वर्षं पाणी शाळेच्या पटांगणात आणि चाळीत शिरतंय, गोदामवाले हात लावत नाहीत, तेव्हा उघाडी आपणच राखायची, असं ते म्हणाले. मग एकेक नाव. आपल्या घरापाशी आले आणि म्हणाले, झालं गेलं, गुणाबाईच्या पोराला आता गावानं पोटात घ्यायला पाहिजे. सगळ्यांनी माना हलवल्या. अगदी मायेने.

मी उभी राहिले आणि सांगितलं. नऊ, दहा, तास, चहा, सगळं. वर्गात धडा सांगते तसं. शेवटी म्हटलं, हरेश विसरला नव्हता, चूक माझी होती.

मला वाटलं होतं, आरडाओरडा होईल. निदान कुणीतरी माझ्या तोंडावर थुंकेल. दादा, कुणी काहीच केलं नाही. एकमेकांकडे बघून सगळे खाली बघायला लागले. लाज वाटलेल्या माणसांसारखे. मला कळेना, लाज ह्यांना कशाची?

मग सावळारामकाका बोलले. वहीवर हात ठेवून, माझ्याकडे न बघता.

"पोरी, बांध आठ दिवसांत उभा राहिला असता. घरटी एक मानूस लावला असता तरी. खारी त्याच्याआधी दोनदा बुडाल्या व्हत्या, दोनदा आमी मीठ धुऊन त्या गोड केल्या."

मी विचारलं, मग ह्या वेळी का नाही लावला?

"जमिनी घेनारे होळीपासून फिरत व्हते. चांगली भाताची जमीन इकायला लाज वाटत व्हती सगल्यांना. खारटलेली इकली. हरेशनं नाव घेतलं सोतावर, आमचं काम सोपं झालं."

त्यांच्या आवाजात पश्चात्ताप असेल असं मला वाटलं होतं. नव्हता. म्हातारा थकलाय, त्याने हे इतकी वर्षं सांभाळलं आणि आता ओझं खाली ठेवलं, एवढंच. कुणी त्यांना खोडून काढलं नाही. अतिया एकदम उठली आणि निघून गेली, तिच्या चपलांचा आवाज बंदरापर्यंत ऐकू आला.

म्हणजे बघ. तू माझ्यासाठी खोटं बोललास आणि बेचाळीस घरांनी ते आनंदाने वापरलं. त्यांना माहीत असतं की चूक करणारी मी आहे, तर सतरा वर्षांच्या पोरीवर गाव बुडवल्याचं नाव घालायला जड गेलं असतं. तू बरा होतास, तरुण होतास, गप्प होतास. आपण दोघं मूर्ख, दादा. तू जास्त.

यादीत आता माझं नाव आहे. पहिलीच पाळी, पंधरा जूनपासून. बाईचं नाव ह्याआधी लिहिलं नव्हतं, पण कुणी हूं की चूं केलं नाही.

आम्ही घरी आलो. मी पान वाढलं. तिने ते हाताने बाजूला सारलं.

"चौदा वरसं तू माझ्या हातचं जेवलीस," ती म्हणाली. "त्यो कोनाच्या हातचं जेवला?"

तेव्हा मी तिला पडघा सांगितलं. बायको आहे, दोन मुलं आहेत, रीमाने बघितलीत. तिने फक्त विचारलं, मला हे कधीपासून माहीत आहे. मी म्हटलं, वीस दिवस. ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. आज सकाळी माझ्या हातचा चहाही तिने घेतला नाही. चूल तिने स्वतः पेटवली, गुडघे धरून, एका डोळ्याने.

भावना

१३ जून

हरेशदादा,

गुरुवारी सकाळी आईने पत्र्याची पेटी काढली, दोन लुगडी आणि चष्म्याची डबी बांधली आणि बंदरावर अतियाकडे चालत गेली. मला सांगून गेली नाही. अतियाने तिला गाडीत घातलं. पत्ता आईने माझ्या पाकिटांच्या कच्च्या कागदावरून घेतला होता. तिला वाचता येत नाही, तिने तो कागदच अतियाच्या हातात दिला.

अतिया एकटी परत आली. म्हणाली, तू दार उघडलंस आणि आईने तुझं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं, उजवा डोळा जवळ नेऊन. धाकटी मुलगी म्हणाली, पप्पा, ही कोण? ह्याच्या पुढे तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. आई तिथेच राहणार म्हणाली, एवढं कळलं. माझ्याबद्दल तू काही विचारलंस का, हे मी तीनदा विचारायला गेले आणि तीनदा सूत कसं महागलंय ते विचारलं.

तू तिला ठेवून घेतलंस, बरं केलंस. मी वाईट वाटून घेत नाही असं लिहिलं तर तू हसशील, म्हणून लिहिते की वाईट वाटतं. चौदा वर्षं तिचे गुडघे मी चोळले. डोळ्याच्या डॉक्टरकडे मी नेलं. आणि ती तुझ्याकडे गेली ते बरोबरच गेली, ह्याचं जास्त वाईट वाटतं.

उद्या घरयादीचा शेवटचा दिवस. आज आपल्या घराची नोंद दुरुस्त केली. पर्यवेक्षकांनी विचारलं, मॅडम, हा आकडा एकदम कसा बदलला? मी म्हटलं, आधीची माहिती चुकीची होती. कुटुंबप्रमुख: भावना. राहणारी माणसं: एक.

चिंचखार आता तीनशे अठरा.

भावना

१६ जून

दादा,

काल संध्याकाळी अतिया पडघ्याहून आली. आईची औषधं द्यायला गेली होती. तिने एक चिठ्ठी दिली. मी उघडली नाही आधी. हात धुतले, दिवा लावला, मग उघडली. वहीच्या पानाचा तुकडा, मागे कुणाचे तरी पाढे. तुझं अक्षर तसंच आहे, उजवीकडे घसरणारं.

"उद्या मंगळवार, प्रतिपदा. साडेनऊला फळ्या घाल. यात तास धरलेला आहे."

एवढंच. भावना नाही, कशी आहेस नाही, खाली सही नाही.

मी ती चिठ्ठी किती वेळा वाचली ते मोजलं नाही. यात तास धरलेला आहे. चार शब्द, दादा. त्या वेळी ड्युटीला निघताना दारात चप्पल घालता घालता हे चार शब्द बोलला असतास, तर आज आपल्या घरात किती माणसं असती? हा राग माझा जाणार नाही, तुला सांगून ठेवते. पण तू ते लिहिलंस म्हणजे तूही ते चौदा वर्षं मनात बोलत असणार. तू स्वतःलाही दोषी धरलं होतंस. ते मला कधी सुचलंच नाही, मी आपली माझाच हिशेब करत बसले.

आज शाळेतून तासाची सुट्टी घेतली. आठलाच बांधावर जाऊन फळ्या काढल्या आणि बसले. उघाडीत नव्या फळ्या आहेत, सागाच्या नाहीत, कसल्या तरी हलक्या लाकडाच्या. चाळीतल्या दोन बायका बघायला आल्या, काय करता मॅडम म्हणून विचारत होत्या. आतलं पाणी निवांत बाहेर जात होतं. साडेनऊला मी पहिली फळी खाचेत बसवली, मग दुसरी, मग तिसरी. तिन्ही सरळ बसल्या. मग तिथेच घड्याळ बघत थांबले.

खाडीचं पाणी फळीला लागलं तेव्हा नऊ चाळीस झाले होते. तुझी वेळ बरोबर होती. आईला सांग.

भावना